सतरंजीचा चौथा कोपरा

हेमाने सतरंजीचा आपल्याकडचा कोपरा उचलला, समोरून भाग्यश्रीने तिच्याकडचा. दोघींनी कोपऱ्याला कोपरा जुळवला, वाकून तिसरा ओढून घेतला. चौथा येईना. त्यावर वल्लरी बसली होती.

"उठतेस का गं?" भाग्यश्री लेकीला म्हणाली. "झाडून घेऊ दे जरा."

वल्लरीने मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. उठली नाही. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, चष्मा नाकाच्या मध्यापर्यंत घसरलेला. त्याच्या डाव्या काडीचा स्क्रू ढिला झाला होता. एरवी तो ढिला झाला की ती चष्मा आजोबांपुढे धरायची आणि ते बोलता बोलता फिरवून द्यायचे. आता काडी तशीच लोंबत होती.

"राहू दे, ताई," भाग्यश्री हलक्या आवाजात नणंदेला म्हणाली. "नानांवर फार जीव होता तिचा."

सतरंजी तशीच राहिली. तीन कोपरे एकावर एक घडी होऊन पडलेले आणि चौथा मुलीखाली. हेमा त्या घडीला वळसा घालून खिडकी उघडायला गेली.

आदल्या दिवशी नानांचा तेरावा झाला होता. गोडाचं जेवण झालं, हेमाच्या मामांनी सगळ्यांना कसबा गणपतीला नेऊन आणलं आणि रीतीप्रमाणे घर दुखवट्यातून बाहेर पडलं. सकाळी सोफा जागेवर आला, टीव्हीवरची चादर निघाली, हेमाचा धाकटा भाऊ सलिल ऑफिसला गेला. देवळात वल्लरी आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणाली, आणि कुणी आग्रह केला नाही.

त्या दिवसांत घरातल्या माणसांनी काही करावं अशी कुणाची अपेक्षा नसते. सतरंजीवर बसून राहायचं, कुणी पाणी दिलं तर प्यायचं, शेजारून आलेलं पिठलं-भात पुढ्यात आला तर चार घास खायचे. वल्लरी त्यात सगळ्यांत चोख होती. वाघोलीच्या हॉस्टेलवरून ती जी येऊन बसली ती बसलीच. भेटायला येणाऱ्यांच्या ते लक्षात येई. पहिल्या मजल्यावरच्या शकूकाकू तर रोज संध्याकाळी येत आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत. "हल्लीच्या मुलांना कुठे असते एवढी माया? माझी नातवंडं मी गेल्यावर स्टेटस ठेवतील आणि जेवायला बाहेर जातील."

हेमाही रोज वल्लरीशेजारीच बसत होती. हडपसरचं आपलं घर बंद करून, रजा टाकून ती आली होती. दोघींचे खांदे एकमेकींना टेकलेले असत, बोलणं होत नसे. या घरात आपल्याइतकंच नानांसाठी तुटणारं आणखी एक माणूस आहे असं हेमाला वाटे, आणि त्या वाटण्याच्या आधाराने तिने ते दिवस काढले होते.

नाना, म्हणजे हेमा-सलिलचे वडील श्यामसुंदर, यांचं इमारतीखालीच चष्म्याचं दुकान होतं. डोळ्यांचा नंबर काढून घ्यायला निम्मी पेठ त्यांच्याकडे यायची. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळत, तरी नाना रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसत आणि आत शिरणाऱ्यांना सांगत, "स्क्रीन बदलून काय उपयोग? आधी डोळे दाखवा." कव्हरवाल्याने त्यांना कधी उठवलं नाही. तेराव्याला तोही जेवून गेला होता.

*

पुढच्या आठवड्यात हेमाचं दुःख तिला कुठेही गाठू लागलं. सलिलने नाना दूधवाल्याशी कसे वाद घालत त्याची नक्कल केली तेव्हा ती पोट धरून हसली, आणि लगेच उठून न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडली. बाहेर आल्यावर तिला भूक लागली होती. कढी-भात दोनदा घेतला.

जेवताना तिचं लक्ष वल्लरीकडे गेलं. त्या नकलेला वल्लरीही हसली होती, पण सगळ्यांच्या नंतर. आधी तिने आजूबाजूला पाहिलं होतं. हसायची वेळ झाली आहे हे तिला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं.

मग हेमा पाहतच राहिली. केस धुतेस का विचारलं की उद्या. कॉलेजला कधी जाणार विचारलं की उद्या. नानांच्या फोटोला हार घालताना तिला बोलावलं तर ती आली, उभी राहिली, हार घालून झाल्यावर परत जाऊन सतरंजीवर बसली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

एका सकाळी वल्लरी झोपली असताना तिचा फोन उशीखाली वाजत राहिला. हेमाने तो घेऊन बाहेर गॅलरीत नेला. पलीकडे ऋतुजा होती, हॉस्टेलमधली रूममेट. वल्लरी कधी येणार, सबमिशनची तारीख जवळ आली आहे, असं ती सांगत होती. हेमा म्हणाली, येईल गं, आजोबांचं फार लागलंय तिला.

"आत्या, ॲक्च्युअली हे आजोबांच्या आधीचं आहे," ऋतुजा म्हणाली. "दिवाळीनंतर ती लेक्चरला आलीच नाहीये. मेसमध्येपण मीच ओढून न्यायचे. मी म्हटलं होतं, चल, कॉलेजच्या काउन्सेलरला भेटू. तर म्हणाली, मला काय धाड भरलीय?"

नाना गेले ते संक्रांत झाल्यावर. हेमाने फोन जिथे होता तिथे, उशीखाली, परत ठेवला.

*

दुपारी तिने कपाटातून नानांची नंबर काढायची पेटी काढली. आत मखमलीच्या खाचांतून गोल काचा ओळीने उभ्या होत्या. ती पेटी घेऊन ती सतरंजीवर वल्लरीशेजारी बसली आणि एकेक काच मऊ फडक्याने पुसू लागली.

"ऋतुजाचा फोन होता सकाळी."

"काय म्हणाली?"

"दिवाळीपासूनचं म्हणाली."

वल्लरीने गुडघ्यांभोवतीचे हात आणखी घट्ट केले. खालच्या गल्लीतून भांडी ठोकल्याचा आवाज येत होता, तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

"आत्या, आईला सांगू नकोस," ती शेवटी म्हणाली. "मला आजोबांचं काहीच वाटत नाहीये."

हेमाने पुढची काच उचलली.

"सगळे म्हणतात केवढी माया. शकूकाकू पाठीवरून हात फिरवतात. आणि मला आत नुसतं काहीच नाही. ते गेले त्या दिवशीपण. मी रडायचा ट्राय केला गं. अशी कशी आहे मी?"

हातातली काच पुसून झाली होती. हेमाने तीच पुन्हा पुसायला घेतली. म्हणजे एवढे दिवस नानांसाठी सतरंजीवर हेमा एकटीच बसली होती. ते तिने गिळलं आणि काच खाचेत ठेवली.

"आधी वाटायचं? कशाचंतरी?"

"वाटायचं ना. मग सगळं लांब लांब गेलं. मला वाटलं, सेकंड इयरला असंच होत असेल. सगळ्यांनाच होतं, बाकीचे मॅनेज करतात, मला जमत नाही."

दुकानात मुलं यायची, शाळेत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाईंनी पाठवलेली. आया म्हणायच्या, आम्हाला कधी बोलला नाही हो. नाना म्हणायचे, त्याला कसं कळणार? त्याला वाटतं, झाड म्हणजे हिरवा गोळाच असतो, सगळ्यांना तसाच दिसतो. हेमाला ते आठवलं, पण ती बोलली ते दुसरंच. आवाज शक्य तितका सरळ ठेवून तिने विचारलं,

"जगणंच नको असं वाटतं का गं?"

वल्लरीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. असं कुणी विचारेल हे तिला वाटलं नसावं.

"कधीकधी वाटतं, उद्या उजाडूच नये. पण काही करायचं वगैरे नाही. खरंच नाही."

"तसं काही डोक्यात आलं तर मला सांगशील? कधीही?"

वल्लरीने मान हलवली. हेमा तिच्याकडे बघत थांबली, तेव्हा म्हणाली, "सांगेन."

"आपण कुणालातरी दाखवू या."

"काय सांगणार मी तिथे? मला काही झालेलंच नाहीये."

"नंबर काढायला जाऊ," हेमा म्हणाली. "नसला तर परत येऊ."

वल्लरी पेटीतल्या काचांकडे बघत राहिली. "आणि असला तर?"

"असला तर असला. अख्खी पेठ नंबर घेऊन फिरतेय."

*

आईला सांगू नकोस, हे पाळता येणार नव्हतं. हेमाने ते वल्लरीला तसं सांगितलं, रडण्या-न रडण्याचं आपल्यातच राहील एवढं कबूल केलं, आणि दोन दिवसांनी जेवताना विषय काढला. वल्लरी आत होती.

सलिलचं म्हणणं, घरातलं माणूस गेलंय, पोर दुःखात आहे, वेळ लागणारच. ऋतुजाचं ऐकल्यावर तो म्हणाला, इंजिनिअरिंगला सगळ्यांचंच असं होतं. भाग्यश्रीला वेगळी भीती होती. अशा डॉक्टरकडे जाताना कुणी पाहिलं, उद्या लग्नाच्या वेळी कुणी काढलं, मग?

"नानांना बायका हेच विचारायच्या," हेमा म्हणाली. "मुलीला चष्मा लागला तर लग्न कसं ठरणार?"

"मग?"

"नाना म्हणायचे, ठरेल हो. पण नवरा दिसायला नको का तिला?"

भाग्यश्रीला हसू आलं आणि तिने ते पदराने पुसलं. सलिल हसला नाही.

"मी रोज विचारतो, ताई. बरी आहेस ना? म्हणते, बरी आहे. रोज."

हेमाने हातातला डाव खाली ठेवला. "सलिल, तिसरी ओळ?"

"कसली?"

"दुकानातल्या तक्त्याची."

"ग, र, त, म, प," सलिल म्हणाला. मग त्याचा घास तसाच हातात राहिला.

लहानपणी तो शाळेतून आला की दुकानातच अभ्यासाला बसायचा आणि समोरच्या भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता असायचा. चौथीत त्याचे डोळे बिघडले. नानांनी दुकानातच दोनदा तपासले. पोराने सगळ्यांत खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. खोटं बोलत नव्हता तो. तक्ता पाठ आहे का, हेच विचारतायत असं त्याला वाटलं. सगळ्या पेठेला चष्मे देणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलाची नजर स्वच्छ आहे असं सांगितलं, आणि मुलगा पुढे वर्षभर शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहीत राहिला. नाना पेठेतल्या कुणाचीही टर उडवत, ही गोष्ट मात्र त्यांनी कधी हसण्यावारी नेली नाही. त्यानंतर त्यांनी वेगळ्या अक्षरांचा दुसरा तक्ता आणला आणि तो कायम कपाटात, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा ठेवला.

सलिल उठला. बेसिनवर हात धुऊन झाल्यावरही नळ चालू ठेवून तो उभा होता.

"तुझ्याकडे बघ कुणी," तो पाठमोराच म्हणाला. "हडपसरला. पेठेत नको."

"बरं," हेमा म्हणाली.

*

बुधवारी सलिलने अर्धी रजा घेतली आणि तिघं हडपसरला गेली. काउन्सेलरची खोली एका बाजारपेठेच्या इमारतीत होती, वरच्या मजल्यावर दाताचा दवाखाना. बाहेरच्या बाकावर एकच बाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली, आणि त्या शकूकाकू निघाल्या.

सलिल म्हणाला, "दाढ दुखतेय का, काकू?"

"दाढ वरच्या मजल्यावर दुखते," शकूकाकू म्हणाल्या. "हे गेल्यापासून मला झोप नाही. पेठेत कुणाकडे गेले असते तर संध्याकाळपर्यंत तुमच्या जिन्यात पोचलं असतं. म्हणून दोन बस बदलून इथवर येते."

"आम्हीपण तेवढ्यासाठीच," हेमा म्हणाली.

"मग झालं. मी तुम्हाला पाहिलं नाही, तुम्ही मला पाहिलं नाहीत." त्यांनी पर्समधून आवळासुपारीची डबी काढून तिघांपुढे धरली. वल्लरीपुढे ती जरा जास्त वेळ धरली. या मुलीच्या पाठीवरून आपण काय समजून हात फिरवत होतो, हे त्यांच्या ध्यानात येत असावं. "आत टेबलावर कागदी रुमालांचा खोका असतो," त्या म्हणाल्या. "त्याला घाबरू नकोस. रडलंच पाहिजे असं काही नाही. मी पहिल्या खेपेला सगळा वेळ सुनेबद्दलच बोलले."

वल्लरीचे ओठ हलले. आजूबाजूला न बघता हलले.

शकूकाकूंना आत बोलावलं गेलं आणि नंतर त्या निघूनही गेल्या. सुपारी चघळून संपली. वल्लरी चष्म्याची लोंबती काडी बोटाने वर-खाली करत होती.

"मला माहितीये त्या मॅडम काय विचारणार," ती म्हणाली. "झोप, भूक, मूड. नेटवर असतं सगळं. पाठ आहेत मला उत्तरं."

सलिलने आपला चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पण लगेच घातला नाही.

"वल्लू, एकच कर," तो म्हणाला. "पाठ असलेलं म्हणू नकोस. दिसतंय तेवढंच सांग. धूसर तर धूसर."

दार उघडलं. आतून तिचं नाव घेऊन कुणीतरी "ये" म्हणालं. वल्लरी उठली, काडी कानामागे अडकवली आणि आत गेली.

बाहेर सलिल आणि हेमा बाकावर बसून राहिले. सलिलने दोनदा घड्याळ पाहिलं. दार बंद होतं, आणि बराच वेळ बंदच राहिलं.

*

मग दर बुधवारी. काही दिवसांनी काउन्सेलर मॅडमनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. सलिलने गोळ्यांच्या पाकिटातला कागद भिंगाखाली धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी त्याला चहा मागवला. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. एका बुधवारी तर वल्लरी रिक्षातून उतरायलाच तयार होईना. हेमा तिच्याशेजारी रिक्षातच बसून राहिली. रिक्षावाल्याने पेपर काढला. वेळ निम्मी उलटल्यावर वल्लरी म्हणाली, "आता जाऊन काय होणार?" आणि उतरली.

एका सकाळी ती केस धुवायला गेली तेव्हा भाग्यश्रीने घाईघाईने सतरंजी घडी करून कपाटावर टाकली. बाहेर आल्यावर वल्लरीने रिकाम्या फरशीकडे पाहिलं आणि सोफ्यावर जाऊन बसली. मग आठवड्यातले दोन दिवस वाघोली, पुढे तीन. ऋतुजा तिला बसथांब्यावर घ्यायला यायची. सगळी लेक्चरं होत नव्हती. वर्ष कदाचित जाईल असं कॉलेजने सांगितलं होतं, आणि घरात कुणी त्यावर फार बोलत नव्हतं.

हेमा हडपसरला परतली. शनिवारी पेठेत येई. नानांची आठवण तिला आता ठरावीक जागी भेटे, जिन्याच्या वळणावर, कव्हरवाल्याच्या दारातल्या रिकाम्या जागेवर. ती तिची एकटीची होती, आणि ते तिने मान्य करून टाकलं होतं.

चैत्रातल्या एका शनिवारी ती कैरी किसत होती. यंदा हळदीकुंकू नव्हतं, पण डाळ करायला काय हरकत, असं भाग्यश्री म्हणाली होती. सलिल पेपर वाचत होता. दार उघडलं आणि वल्लरी वाघोलीहून आली. पाठीवर सॅक, घामाने कपाळाला चिकटलेले केस, आणि हातात चष्मा. त्याची काडी अखेर निघून आली होती. तिने दाराशी चपला काढल्या आणि ती तरातरा खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली, चष्मा पुढे धरून.

"आजोबा, निघालाच हा स्क्रू, जरा..."

खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत होती.

ती हात तसाच पुढे ठेवून उभी राहिली. प्रथम ठसका लागल्यासारखा आवाज आला. मग तिचे खांदे हलायला लागले, तिने सॅकसकट खुर्चीच्या हाताला धरलं आणि ती मोठ्याने, तोंड न झाकता रडू लागली.

भाग्यश्री ओल्या हातांनी धावत आली. "अगं बाई. बरं चाललं होतं ना सगळं. ताई, परत सुरू झालं का गं?" ती मोबाइल शोधत होती. "मॅडमना फोन लावू का?"

हेमा किसणी हातात धरून ऐकत होती. हे रडणं तिच्या ओळखीचं होतं. तिने नळ सोडून टॉवेलमध्ये केलेलं, तेच होतं.

"नको," ती म्हणाली. "बुधवारी ती स्वतः सांगेल."

तिने हात पुसले, स्टूल ओढलं आणि कपाटावरून सतरंजी काढली. सलिलने न विचारता पेपर बाजूला ठेवून दुसरी बाजू धरली. दोघांनी ती हॉलच्या मध्यावर पसरली. तीन कोपरे सरळ पडले. चौथा खुर्चीच्या पायाशी दुमडलेला राहिला.

वल्लरीने सॅक उतरवली. चष्म्याशिवाय तिला नीट दिसत नव्हतं. तिने वाकून हाताने चाचपत तो कोपरा ओढला, सरळ केला आणि त्यावर बसली.

हेमाने पेटीतून नानांचा बारका स्क्रूड्रायव्हर घेतला, तिच्या मुठीतला चष्मा सोडवून घेतला, आणि शेजारी आपल्या जागेवर बसली.